वरचे अठरा

१

सोमवारी सकाळी चार माणसांसमोर कपाट उघडलं, तेव्हा त्यात तीन छत्र्या निघाल्या, एक गंजकं पंचिंग मशीन निघालं, आणि मधल्या फळीवरच्या धुळीत एक स्वच्छ चौकोन दिसला. चौकोन वहीच्या मापाचा होता. वही नव्हती.

कुलूप धड होतं. किल्ल्या दोनच. एक प्रकल्पप्रमुखांच्या ड्रॉवरमध्ये, दुसरी शास्त्रज्ञ मुलीच्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या दोरीला. वही तिचीच, आणि ‘वही काढा, वही दाखवा’ म्हणून आकांडतांडव केलं होतं तेही तिनेच. अर्ध्या तासात ऑफिसभर झालं की हिनेच वही लपवली आणि आता हीच बोंब मारते आहे.

मी मंगळवारी पोचले. बँकेच्या वतीने दुसऱ्यांच्या कामात खोड काढायची हा माझा धंदा. स्वभावही तसाच असल्यामुळे पोट बरं भरतं. बँकेच्या साहेबांनी फोनवर सरळच सांगितलं होतं, “गुरुवारी चारला कर्जाच्या सह्या आहेत. छापील अहवाल म्हणतो, जहाजांच्या वाटेत नुसता चिखल. मुलगी म्हणते, शिंपले आहेत. तुम्ही ज्या बाजूला सही कराल ती बाजू आमची.”

“आणि वही सापडली नाही तर?”

“तर छापील अहवाल आहेच की.”

सगळं नवं बंदर त्या करारातल्या एका अटीवर उभं होतं. जहाजांना आत यायला तळाचा गाळ उपसून एक खोल वाट करायची होती. त्या वाटेत जिवंत शिंपल्यांचा थर सापडला, तर वाट दोन किलोमीटर दक्षिणेला सरकवायची. दक्षिणेला तळाशी खडक. खडक फोडायचा म्हणजे खर्च दीडपट आणि तीन वर्षं जास्त. नाही सरकवली, तर ज्या थरात आख्ख्या उपसागरातल्या माशांची पिल्लं वाढतात तो थर पंधरा दिवसांत खरवडून निघणार. एकदा खरवडला की खरवडला.

तुम्ही म्हणाल, मग जा होडीत बसून, सोडा टोपली खाली, बघा काय वर येतं. मीही तेच म्हटलं. धक्क्यावर लाल बावटा लागला होता. शनिवारपर्यंत एकही होडी सुटणार नव्हती.

प्रमुखांनी मला एक यादी दिली. कपाटाच्या खोलीत ज्यांची ये-जा असते अशी चार माणसं: स्वतः प्रमुख, ती मुलगी, होडीवाला, आणि सल्लागार म्हणून अधूनमधून येणारे एक निवृत्त गृहस्थ. शेवटचं नाव वाचलं आणि मला एकदम हसू फुटलं.

“काय झालं, मॅडम?”

“काही नाही,” मी म्हटलं. “यादीतला एक माणूस आत्ताच खोडून टाका.”

२

आप्पा. मी बावीस वर्षांची होते तेव्हा समुद्र मोजायच्या खात्यात पहिली बाई म्हणून लागले. होडीवरचे पुरुष मला पेलवू नये म्हणून मुद्दाम दोरी ओली करून ठेवायचे. आप्पांनी ती दोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “ही माझी पोर आहे. हिला हसाल तर पोहत घरी जाल.” बारा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. सरळपणामुळे खात्यात त्यांना ‘ओळंबा’ म्हणायचे. ओळंबा वाकडा लटकत नाही. बँकेला हे सगळं मी तिथूनच कळवून टाकलं.

तर उरले तिघे. प्रमुखांपासून सुरुवात केली. टेबलावर दोन फोन, पित्ताच्या गोळ्या आणि काचेखाली बंदराचं रंगीत चित्र. चित्रातला समुद्र पोहण्याच्या तलावासारखा निळा होता.

“मॅडम, मी मोकळं बोलतो. बंदर झालं तर माझी बढती आहे. नाही झालं तर बदली. म्हणजे संशय माझ्यावर घ्यायचा तर घ्या. पण मला वहीतलं काही कळत नाही हो! मी फक्त शेवटचा रकाना वाचतो. बदल करायचा तर काय करायचा हेही मला कुणीतरी सांगावं लागेल.”

हा माणूस खोटं बोलत असला तर फार गुणी नट होता. “मग तुमचा संशय कुणावर?”

“होडीवाल्याची बायको, भावजय, सगळ्या ओहोटीला शिंपले वेचतात. पोरगी त्यांच्याच घरी जेवते. आता बोला.” त्यांनी ड्रॉवरमधून एक पत्र काढलं. मुलीच्या बडतर्फीचं, सोबत पोलिसांत द्यायची तक्रार. तारीख गुरुवारची, सही व्हायची बाकी. “मलाही वाईट वाटतं. पण अहवाल खरा ठरला, तर हे द्यावंच लागेल.”

मुलगी मागच्या खोलीत बसली होती. सत्तावीस वर्षांची, नखांत अजून चिखल. समोर बरण्या होत्या, बरण्यांत गाळ.

“मी चोर असते तर वही मागितली असती का?” पहिलंच वाक्य.

“हुशार चोर मागतात,” मी म्हटलं.

तिचे डोळे भरले, पण ती रडली नाही. तिने सांगितलं ते असं. बारा जागी होडी थांबवली. प्रत्येक जागी खोली मोजली, तळाचा नमुना घेतला, वहीत पेन्सिलीने लिहिलं. परत आल्यावर वहीवरून तक्ता केला, तीन कागद, एकेका कागदावर चार जागा. कागद टायपिस्टच्या ट्रेमध्ये ठेवले आणि दुसऱ्या कामाला महिनाभर बाहेर गेली. टायपिस्टने टाईप केलं आणि शिरस्त्याप्रमाणे कच्चे कागद फाडले. अहवाल छापून आला तेव्हा नऊ ते बारा या चारही जागांपुढे ‘चिखल’ लिहिलं होतं.

“नवव्या जागेला टोपली एकट्याला उचलवेना, मॅडम. शिंपल्यांवर शिंपले. मी लिहिलंय ते!”

“ट्रे कुठे असतो?”

“दाराशी. येताजाता कुणीही हात घालावा असा.”

“आणि कपाटाची किल्ली? कुणाला दिली होती?”

“कुणालाच नाही.” मग हळूच म्हणाली, “बाबांना वाटतंय मी रजेवर आहे. गुरुवारी काय सांगू त्यांना?”

मी बाहेर पडले. कुणीतरी तिसरा कागद बदलला होता, किंवा ही पोरगी चांगलीच रंगवून सांगत होती. दोन्हीपैकी काय ते सांगू शकेल असा एकच माणूस मला माहीत होता, आणि त्याच्या घरी जायला मला निमित्त नको होतं.

३

दार काकूंनी उघडलं. “अगं बाई! वाळलीस किती! शहरात खायला देत नाहीत का?” आणि मला ओढतच आत नेलं. मी पन्नाशीची बाई, पण त्या घरात शिरले की बावीसची होते.

आप्पा खुर्चीत होते, गुडघ्यांवर शाल. गुडघे पार गेलेत, काकू सांगत होत्या. पाच वर्षांत धक्क्यावर पाऊल नाही. ऑफिसात जातात तेही गाडी पाठवली तर.

“आलीस?” आप्पा म्हणाले. तेवढंच. पण चेहरा उजळला, मी पाहिला ना.

“बँकेला तुझं नाव ह्यांनीच सुचवलं,” काकू चहा देताना म्हणाल्या. “सांगितलं का तुला? म्हणाले, तपासायचं तर माझ्या पोरीनेच तपासावं.”

मला माहीत नव्हतं. छाती अशी फुगली की चहा ठसक्याने नाकात गेला. एवढ्या वर्षांनी, एवढ्या लोकांतून, मी!

भिंतीवर त्यांची फळी होती. मेणकापडाच्या पाठीच्या वह्या, ओळीने. “एकतीस वर्षं, एकतीस वह्या,” आप्पा नेहमीच्या अभिमानाने म्हणाले. “एकही फेकली नाही. रोजवही म्हणजे समुद्राची साक्ष. तिला हात लावायचा नाही.”

“चुकलेला आकडा?” मी जुन्या सवयीने विचारलं.

“खोडायचा नाही. एक रेघ मारायची, शेजारी बरोबर लिहायचा आणि सही करायची.”

दोघेही हसलो. मी माझ्या पहिल्या वर्षाची वही काढायला गेले. पूर्वी बोट लावलं की निघायची. आता ओढली तर सोबत शेजारचीही बाहेर आली, इतकी गच्च. काकू ओरडल्या, “नीट गं, पडतील!” मी दोन्ही परत ठोकून बसवल्या.

मग मुद्द्यावर आले. “ती मुलगी कशी आहे, आप्पा?”

“हुशार आहे. कष्टाळू आहे. पण त्या शिंपल्यांच्या प्रेमात पडलीय. प्रेमात पडलेल्या माणसाने मोजू नये.” शाल नीट केली. “तिला फार लागेल असं लिहू नकोस. लहान आहे.”

बघा, म्हटलं मनात, ह्याला म्हणतात मोठं मन. उठताना त्यांनी माझा हात धरला आणि खिडकीकडे बोट केलं. लांब पाणी दिसत होतं, फेसाळलेलं.

“ही वाट मी आखली, तू खात्यात यायच्याही आधी. तीनदा फाईल वर गेली, तीनदा कुणीतरी तिच्यावर बसलं. आता एकदा जहाज आत येताना बघायचंय. बस.”

मी पायऱ्या उतरले ती मुलीविरुद्ध जवळजवळ निकाल घेऊनच.

४

बुधवारी सकाळी छापील तक्ता घेऊन बसले. आकडे दुसऱ्याच्या यंत्रावर तपासायचे नाहीत, हातानेच करायचे, ही शिकवणही त्याच घरची.

गणित सोपं आहे. होडीतून दोरीला वजन बांधून खाली सोडलं की पाण्याची खोली कळते. पण भरती असेल तर पाणी जास्त, ओहोटी असेल तर कमी. म्हणून धक्क्याजवळ पाण्यात एक आकडे रंगवलेली काठी रोवलेली असते, भरतीकाठी. त्या क्षणी काठीवर जेवढी भरती दिसते, तेवढी मोजलेल्या खोलीतून वजा करायची. उरते ती खरी खोली.

फक्त आमच्या काठीला एक खोड होती. रोवताना ती पुरेशी खाली गेली नव्हती, वरच राहिली होती, आणि अठरा सेंटिमीटर कमी दाखवायची. नवी काठी मागितली की वरून उत्तर यायचं, पुढच्या वर्षी बघू. मग आप्पांनी नियमच केला की काठीवर दिसेल त्यात वरचे अठरा मिळवायचे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. तोंडी चालायचं. मी पहिल्या आठवड्यात विसरले होते तेव्हा आप्पांनी अठरा उठाबशा काढायला लावल्या होत्या. त्यानंतर नाही विसरले.

पहिली जागा केली. चुकली. दुसरी चुकली. तिसऱ्या जागेला मोजलेली खोली पाच मीटर नव्वद, काठीवर एक ऐंशी, आणि मुलीने खरी खोली लिहिली होती चार दहा. यायला हवी तीन ब्याण्णव. अठरांचा फरक! चौथी, पाचवी, आठव्यापर्यंत सगळ्या अशाच.

“अगं भवाने,” मी मोठ्याने म्हटलं, “अठरा विसरलीस!”

माझा पाराच चढला. जिला साधी वजाबाकी नीट येत नाही ती शिंपले काय मोजणार? मी तरातरा मागच्या खोलीत गेले.

“काठीवरच्या आकड्यात अठरा का मिळवले नाहीस?”

“अठरा?” मुलीने माझ्याकडे बघितलं. “कसले अठरा?”

“कुणी सांगितलं नाही तुला?”

“नाही, मॅडम. काय सांगायचं होतं?”

तिला माहीतच नव्हतं. कोण सांगणार? अठरा ठाऊक असलेले त्या वेळचे बाकीचे दोघे कधीच वारले. मला तिची थोडी दया आली, पण तपासणीच्या अहवालात लिहायचं ते लिहायचंच. परत टेबलाशी आले, उरलेल्या चार ओळी उरकायला. नववी जागा, तीच शिंपल्यांची. मोजलेली खोली सहा चाळीस, काठीवर दोन दहा. मी अठरा मिळवले, दोन अठ्ठावीस. वजा जाता चार बारा.

तक्त्यात होतं, चार बारा.

दहावी बरोबर. अकरावी बरोबर. बारावीही.

मी पेन्सिल खाली ठेवली. जिला अठरा माहीतच नाहीत, तिने शेवटच्या चार ओळींत ते मिळवले कसे?

५

खारटला गाठायला धक्क्यावर गेले. खारट म्हणजे होडीवाला. जिभेवरून पडलेलं नाव. माझ्या वेळीही सुकाणूवर तोच होता. वारा असा होता की ओढणी तोंडात जात होती.

“आलीस का? पोरीला फाशी द्यायला आलीस असं ऐकलं.” त्याने मला बघितल्याबरोबर तोफ डागली. “चोर सोडून संन्याशाला! चालू द्या तुमचं.”

“खारट, तोंड आवर. नवव्या जागेला काय निघालं होतं?”

“माझी कंबर अजून दुखतेय, ते निघालं होतं! पण माझं कोण ऐकतं? माझी बायको शिंपले वेचते ना, म्हणजे मी खोटा.”

“बरं, एक सांग. काठी वाचताना पोरगी अठरा मिळवत नव्हती. तू तरी सांगायचंस.”

“आकडे तुमचे, सुकाणू माझं. मला काय ठाऊक अठरा न् बारा?” तो थांबला, मग म्हणाला, “आणि कुठल्या काठीबद्दल बोलतेस? जुनी काठी कधीच गेली. दोन वर्षं झाली, मालवाहू बार्ज आदळला आणि कडाड्कन मोडली. ही बघ, नवी.”

मी पाहिलं. लाटांत उभी होती, त्याच जागी. तसेच पट्टे, तसेच काळे-पांढरे आकडे. आणि बुडाशी, लाट मागे सरली तेव्हा, लोखंड चमकलं.

“ही बरोबर दाखवते?”

“मोजून मापून बसवलीय. सगळ्या खात्याने सह्या केल्यात. आता रडायला जागा नाही ठेवली.”

मी तिथेच दोर बांधायच्या लोखंडी खुंट्यावर बसले.

मुलीच्या पहिल्या आठ ओळी चुकलेल्या नव्हत्याच. नव्या काठीला अठरा लागत नाहीत. चुकल्या होत्या शेवटच्या चार. आणि त्या ज्याने लिहिल्या त्याला जुनी काठी पाठ होती, पण ती मोडल्याचं माहीत नव्हतं. त्याने पाच वर्षांत धक्क्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. त्याला नुसतं ‘शिंपले’ काढून ‘चिखल’ लिहायचं होतं, बाकीचे आकडे तसेच उतरवले असते तर जगात कुणालाही कळलं नसतं. पण दुसऱ्याची वजाबाकी न तपासता उतरवणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. ट्रेमधून फक्त तिसरा कागद उचलला, त्यात त्याला चूक दिसली, आणि खोटं लिहिता लिहिता त्याने ती चूक दुरुस्त केली.

वरचे अठरा माहीत असलेली जिवंत माणसं दोन. एक मी.

“ताई, काय झालं गं?” खारट म्हणाला. तो मला ताई कधीच म्हणत नाही.

मी परत मुलीकडे गेले. आवाज जमेल तितका साधा ठेवला. “किल्ली कुणालाच दिली नव्हतीस?”

“नाही, सांगितलं ना.”

“आप्पांना?”

“आप्पांना दिली होती की. गेल्या शुक्रवारी. म्हणाले, वही एकदा नजरेखालून घालतो, तुझी बाजू भक्कम होईल. मीच म्हटलं, घ्या. अर्ध्या तासात परतही दिली.” आणि मग माझा चेहरा बघून तिचा आवाज बारीक झाला. “पण मॅडम, आप्पा म्हणजे काय ‘कुणी’ आहेत का?”

नव्हतेच. मीही पहिल्या दिवशी त्यांना यादीतून खोडलं होतं.

६

गुरुवारी सकाळी नऊला मी त्यांच्या दाराशी होते. काकू भाजी आणायला गेल्या होत्या. बरं झालं.

मी काही न बोलता फळीकडे गेले आणि वह्या मोजायला लागले. मोठ्याने. आप्पा मागून बघत होते. सत्तावीस, अठ्ठावीस. एकतीसवर मी थांबले. हाताखाली अजून एक होती. पाठ त्याच मेणकापडाची, फक्त पट्टी नवी. उघडली. पेन्सिल, मुलीचं गोल अक्षर. नववी जागा, सहा चाळीस, दोन दहा. शिंपले, जिवंत, थर हातभर, दोघांनी उचलले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मंगळवारी मी हीच फळी ठोकून नीट बसवली होती.

“जाळली का नाहीत?” मी विचारलं.

“रोजवही आहे ती,” आप्पा म्हणाले. जणू मी काहीतरी अमंगळ बोलले. “रोजवही जाळतात का?”

“आणि पोरीला जाळतात?”

ते म्हणाले, “ती तरुण आहे. दुसरं काम मिळेल.”

“चोर म्हणून?”

“तीन वर्षं जास्त लागली की बँक हात काढते. चौथ्यांदा फाईल बसली असती. मी पंच्याहत्तरचा आहे, पोरी. मला चौथी वेळ नाही.” आवाज चढला. “चार जागा! चार टोपल्या शिंपले! त्यापायी एवढं बंदर?”

“मग तसं उघड लिहायचं होतं. शिंपले आहेत, तरी बंदर करा, असं. तुमच्या नावाने. लोक भांडले असते, पण खरं भांडले असते. तुम्ही तिच्या नावाने लिहिलंत, आप्पा.”

त्यांनी मान खाली घातली. खरं सांगते, मला तेव्हा त्यांची कीव आली असती. पण मला आणखी एक विचारायचं होतं.

“माझं नाव बँकेला का सुचवलंत?”

“तू चांगली...”

“आप्पा.”

“वाटलं,” ते म्हणाले, “माझी पोर आहे. माझ्यासारखंच मोजेल. माझ्या आकड्यावर शंका घेणार नाही.”

“तुमच्यासारखंच मोजलं,” मी म्हटलं. “म्हणून तर सापडलात.”

मी त्यांना काठीचं सांगितलं. बार्जचं, लोखंडी बुडाचं. त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला, की खोटं पकडलं गेल्याचं त्यांना एवढं लागलं नव्हतं, जेवढं ती वजाबाकी चुकल्याचं लागलं. तेव्हा माझा संताप झाला. आजही होतो. कुंपणच शेत खातं म्हणतात ते ठीक. पण ह्या कुंपणाने मलाच राखणीला बोलावलं होतं, मी आंधळी आहे ह्या भरवशावर. बारा वर्षांचं प्रेम त्याने माझ्या डोळ्यांवर पट्टी म्हणून बांधलं होतं.

“अठरा आपल्या दोघांनाच माहीत आहेत,” आप्पा हळू म्हणाले. “वही फळीवरच राहू दे. तू बोलली नाहीस तर...”

मी पर्समधून छापील तक्ता काढून त्यांच्यासमोर ठेवला, वर पेन्सिल. “चुकलेला आकडा काय करायचा, आप्पा?”

त्यांनी पेन्सिल उचलली. तक्त्यापर्यंत नेली, आणि परत ठेवली.

“माझ्याच्याने नाही होत. तू मार.”

मी मारली. चार ओळींवर चार रेघा, शेजारी बरोबर आकडे, बरोबर शब्द, आणि खाली माझी सही. दारात काकू भेटल्या, हातात पिशवी. “जेवूनच जा गं, तुझ्या आवडीचं आणलंय!” मी काय बोलले ते आठवत नाही. जेवले नाही एवढं खरं.

चारला सह्या झाल्या नाहीत. बँकेच्या साहेबांनी वही दोनदा वाचली, प्रमुखांनी दोन गोळ्या घेतल्या आणि बडतर्फीचं पत्र माझ्यासमोर फाडलं. वाट दक्षिणेला सरकवून नवा आराखडा करायचा असं ठरलं. बंदर होईल, पण सावकाश. मुलीला मी सगळं सांगितलं. मला वाटलं ती खूश होईल. ती बराच वेळ किल्लीची दोरी बोटाभोवती गुंडाळत बसली. मग विचारलं, “मग आता आकडे कुणाला दाखवायचे, मॅडम?”

गाडीला वेळ होता म्हणून धक्क्यावर गेले. वारा पडला होता. खारट होडी पुसत होता, त्याने न बोलता हात वर केला. मी काठीकडे बघितलं. पाणी एक मीटर सत्तरवर होतं.

एक सत्तर, आणि वरचे अठरा, एक अठ्ठ्याऐंशी. तोंडातून निघूनसुद्धा गेलं. मग मी स्वतःलाच एक शिवी दिली, आणि पुन्हा वाचलं. एक सत्तर.